सगळ्या बोटींचा एक चॅनल

बोलायचं बटण दाबण्याआधी मावशी डावा हात वर करायची. खोलीत दुसरं कोणी नसलं तरी. "थांब. आदी बघ कोन बोलतंय." मग सेटच्या जाळीला कान लावायची आणि फट सापडली की चार शब्द टाकून मोकळी. "बर्फ आलाय. दुपारी या." संपलं.

पाचूबंदरला बर्फाच्या गोदामाशेजारी मच्छीमारांच्या सोसायटीची एक खोली होती. हा वायरलेसचा सेट तिथं होता आणि तो चालवायची ती, सगळ्या बंदराची मावशी. सोसायटीच्या अकरा बोटींना मिळून एकच चॅनल. एकाने बटण दाबलं की बाकीच्यांनी गप्प राहायचं. आणि ज्याने बटण दाबून धरलंय, त्याला इतर कोणाचं काही ऐकू येत नाही. सार्वजनिक नळावरची भांडणं तुम्ही बघितली असतीलच. तसली भांडणं इथं हवेत चालायची. मावशीचा कायदा मात्र एकच होता. ज्याची बोट अडकली, त्याचा नंबर पहिला.

मी परभणीकडचा. सातवीतून शाळा सोडलेली. तेविसाव्या वर्षी बर्फ फोडायला इथं आलो, तेव्हा समुद्र पहिल्यांदा बघितला. पहिल्याच आठवड्यात ताप भरला. मावशीनं मला आपल्या ओटीवर झोपवलं आणि पेज पाजली. "घरी कलवलंस?" म्हणाली. मी नाही म्हणालो. "नको कलवू. आई उगा रडंल. बरा झालास की कलव." सेट चालवायलाही तिनंच शिकवलं.

एकच गोष्ट मला जमेना. आमच्याकडे कामाचं बोलण्याआधी घरचं विचारायचं असतं, नाहीतर माणूस तुसडा ठरतो. मी सेटवरही तेच करायचो. बरं आहे का, जेवण झालं का. मावशी डोक्याला हात लावायची. "तुजा राम राम होईस्तोवर बोट बुडंल रे!" खोलीतले सगळे हसायचे. मीही हसायचो.

एकदा सरकारी साहेब परवान्याचे कागद बघायला आले. दोन-चार मालकांनी लगेच मागणी केली की आम्हाला वेगळा चॅनल द्या. साहेब म्हणाले, हवेत तेवढी जागा नाही, आहे ती वाटूनच घ्यावी लागणार. पुढं असे सेट येतील की कुठं मोकळं आहे ते स्वतःच हुडकतील आणि तिथंच बोलतील.

"म्हंजे तो डबा आदी ऐकंल न् मग बोलंल?" मावशीनं विचारलं.

"हो, तसंच."

"बरं हाय. मानसाला जमत नाय, डब्याला तरी जमू दे." मग मालकांकडे वळून म्हणाली, "न् वेगला चॅनल घेऊन काय करनार? बुडाल तेवा तुमचं तुमीच ऐकाल?"

त्यानंतरच्या दिवाळीआधीची दुपार. मावशी मासळीच्या लिलावाला गेली आणि मला सेटवर बसवून गेली. एका बोटीवर माझ्या तालुक्यातला एक खलाशी होता, तो नुकताच गावाहून आलेला. त्यानं बर्फाचं विचारलं. मी म्हणालो, बर्फ राहू दे, आई भेटली का? ज्वारी कशी आहे? तो सांगत गेला, मी विचारत गेलो. मध्येच कुणाचा तरी तुटका आवाज आल्यासारखं वाटलं. मी थांबलो नाही. आईच्या गुडघ्याचं विचारायचं राहिलं होतं.

तो आवाज मावशीच्या भावाचा होता. बोटीखालच्या पंख्यात दोर अडकून इंजिन बंद पडलं होतं आणि बोट खडकाकडे वाहत चालली होती. जवळच दोन बोटी होत्या, पण त्यांना हाक पोचायला उशीर झाला. बोट फुटली. माणसं वाचली, भावाचा पाय कायमचा अधू झाला.

संध्याकाळी कमिटी बसली. "सेटवर कोण होतं?" मी दारात उभा होतो. मावशी म्हणाली, "मी होते. डोला लागला." सेट तिच्याकडून काढून घेतला. पुढं कोण बसणार, असं विचारलं, तेव्हा तिनंच माझ्याकडे बोट दाखवलं. "त्याला येतंय."

तिच्या खुर्चीवर मी नऊ वर्षं बसलो. परभणीला घर बांधलं, लग्न झालं. ती बंदरावर मासळीच्या टोपलीशी बसलेली असायची, मला बघून विचारायची, "जेवलास?" दर वेळी ठरवायचो, आज कमिटीला सांगायचं. दर वेळी नोकरी डोळ्यापुढं यायची.

मग ती गेली. तिला माती द्यायला जमलो तेव्हा चर्चच्या आवारात मी तिच्या भावापाशी गेलो. तो काठीवर भार टाकून उभा होता.

"मामा, त्या दिवशी सेटवर मी होतो."

"ठाव हाय." त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. "मी बटन दाबून बोंबलतोय, न् सोडलं का डब्यातून तुजी ज्वारी."

वायरलेसवर नऊ वर्षं काढलेल्या माणसाला हे उमगायला हवं होतं. कोणी विचारलं नाही, म्हणजे कोणी ऐकलं नाही, असं मी धरून चाललो होतो.

"सगल्यांनी ऐकलं," तो म्हणाला. "ती घरोघर फिरली. बोलली, त्याचं हितं कोन नाय, गप ऱ्हावा. म्हून गप. मी माफ केलं नाय हां."

तो काठी टेकत पुढं गेला. आवारात सगळ्या बोटींवरची माणसं उभी होती. नऊ वर्षं रोज सकाळी त्यांनी मला नावानं हाक मारली होती. त्यातल्या एकानं सरकून मला उभं राहायला जागा दिली.