पावडर पुसणाऱ्या महानंदा सिस्टर

लस टोचण्याआधी महानंदा सिस्टर बाळाला पार उघडं करायच्या आणि ओल्या फडक्यानं पावडर पुसून काढायच्या. सोलापुरातल्या आमच्या दवाखान्यात लसीच्या दिवशी आम्ही आया लेकरांना पांढरीफटक करूनच न्यायचो. "पावडर घरी बघ. मला कातडी बघू दे की," म्हणत त्या बाळ खिडकीपाशी न्यायच्या. रांगेतल्या बाया कुरकुरायच्या. सगळ्यात जास्त मी कुरकुरले, कारण माझ्या पावडरीखाली खरंच काहीतरी होतं.

तीन महिन्यांच्या गौरीच्या पाठीवर, मांडीवर पानाएवढे फिके डाग होते. "कोड हाय. कुणाला कळू देऊ नगंस, पोरीची जात हाय," असं सासूबाईंनी बजावलं होतं. सिस्टरांनी पुसलं, बराच वेळ पाहिलं.

"झोपून उठल्यावर दचकती का? एकामागं एक?"

"दचकते. दृष्ट काढतो की आम्ही."

"काढ. पण आधी मोबाईलवर व्हिडिओ काढ. हे कोड न्हाय बाई. ह्याची मुळं मेंदूत बी असतात कधी."

मी भडकलेच. कोड परवडलं, पण असलं अभद्र बोलू नका म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. "मोहोळला असताना असल्याच डागांना मी कोड म्हणले, मलम दिलं. वर्षानं आईनं पोरगं परत आणलं, तवा मान बी धरत नव्हतं."

व्हिडिओ पाहून मोठ्या डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध सुरू केलं. ते झटकेच होते; डाग आणि झटके एकाच जन्मजात आजाराचे निघाले. मग आठ वर्षं मेंदूचे फोटो, मूत्रपिंडाची सोनोग्राफी, डोळे, पुन्हा मेंदू. गौरी उशिरा चालली, उशिरा बोलली, पण बोलली. मी मात्र दमले. फार दमले. सिस्टर म्हणायच्या, "दमायचं, पण तारीख चुकवायची न्हाय."

निवृत्तीनंतर त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा गौरीला घेऊन भेटायला गेले. पडल्यापडल्याच त्यांनी पदर पाण्यात बुडवला आणि तिच्या गालांवरची पावडर पुसली. खाली बारीक लाल पुटकुळ्या होत्या.

"हे बी त्याच आजाराचं. डॉक्टरला दाखवलंस?"

"नाही. आणखी एक तपासणी नको वाटली हो."

"मग आता कोण पुसणार? मी तर चालले."

पंधरा दिवसांत त्या गेल्या.

परवा तारीख होती. गौरीचं तोंड नुसतं पाण्यानं धुतलं आणि निघाले. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका तरुण आईनं विचारलं, "काय झालंय हो हिच्या तोंडाला?" 'उष्णता' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. गिळला, आणि आजाराचं नाव सांगितलं. तिच्या मांडीवर पावडर थापलेलं तान्हं होतं.

"रागावू नकोस," मी रुमाल भिजवत म्हटलं, "जरा पुसू का?"