पाटीवरचे पावणेदोन तास

गावाभोवतीच्या डोंगरवाटांवर एकूण त्रेचाळीस पाट्या होत्या आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पाट्यांवर घड्याळकाकांचे पाय बोलत होते. सव्विसाव्या वर्षी शहरातल्या पर्यटन कार्यालयाने त्यांच्या हातात एक थांबघड्याळ दिलं होतं आणि सांगितलं होतं, प्रत्येक वाट चाला आणि किती वेळ लागतो ते पाटीवर लिहा. काका चालले. नदीची वाट, रानाची वाट, धबधब्याची वाट आणि सगळ्यात अवघड ती माथ्याची. त्या पाटीवर पिवळ्यावर काळ्या रंगात लिहिलं होतं : माथा, १ तास ४५ मिनिटं. पस्तीस वर्षं झाली. ऊनपावसाने अक्षरं उडाली की काका शेडमधून पत्र्याचे साचे काढायचे आणि तेच आकडे पुन्हा तसेच उठवायचे. पावणेदोन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

अलीकडे मात्र बसथांब्यावरच्या तक्रारवहीने काकांच्या डोक्याला ताप दिला होता. डोंगर चढायला येणाऱ्यांनी सूचना लिहाव्यात म्हणून ती वही खिळ्याला टांगलेली असायची. लोक लिहायचे, ‘माथ्याला अडीच तास लागले. पाटी खोटी आहे.’ काका रोज संध्याकाळी खिशातलं पेन काढून खाली उत्तर द्यायचे. ‘फोटो किती काढलेत तेही लिहा.’ ‘चप्पल घालून डोंगर चढत नाहीत.’ एकाला तर त्यांनी लिहिलं होतं, ‘आपण चढत होतात की बसत होतात?’ नाकावर राग आणि हातात पेन, मग काय विचारता!

त्याच वहीत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी थरथरत्या अक्षरात अर्धं पान लिहिलं होतं. पाटीवर भरवसा ठेवून ते आणि त्यांची बायको दुपारी निघाले. हिशेबाने शेवटची बस आरामात मिळायला हवी होती. उतरताना वाटेतच अंधार झाला, बस गेली, आणि दोघं खडकाच्या आडोशाला थंडीत कुडकुडत बसून राहिली. काकांनी त्याखाली लिहिलं, ‘घड्याळ दुरुस्त करून घ्या.’

आठवड्याने कार्यालयातून पत्र आलं. त्या गृहस्थांच्या पत्नी न्यूमोनियाने रुग्णालयात होत्या. माथ्याची वाट सोमवारच्या आत पुन्हा मोजून कळवा, नाहीतर आम्ही संगणकावरून आकडा टाकू, असं नव्या अधिकारी बाईंनी अगदी गोड भाषेत लिहिलं होतं. त्या गोडव्यानेच काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“संगणक चढणार का डोंगर?” ते स्वयंपाकघरात येऊन ओरडले. “मी मोजतो! उद्याच मोजतो! पावणेदोनच्या वर एक मिनिट निघालं तर नाव बदलीन!”

“मी येते,” काकू भांडं विसळत म्हणाल्या. “डॉक्टरांनी गुडघ्यासाठी एकटं जाऊ नका म्हटलंय.”

“तू? तू कशाला लोढणं?”

“घड्याळ धरायला. तुमच्या हातात असलं की तुम्ही त्याच्याकडे बघून धावता.”

काकूंनी घड्याळ गळ्यात अडकवलं. बरोबर नऊला पुलावरून दोघं निघाली. नदी ओलांडली, रानात शिरली आणि चढ लागला. काका पुढे, काकू मागे, संसारात होती तशीच. पण अर्ध्या तासाने काकू पुढे झालेल्या दिसल्या आणि एका झाडाला टेकून बूट काढत होत्या.

“काय झालं?”

“खडा गेलाय हो बुटात.”

काका धापा टाकत त्यांच्याजवळ पोचले तेव्हा त्यांनी बूट घातला. पुढच्या वळणावर पदर काट्यात अडकला. त्याच्या पुढे कसलंसं फूल बघायचं होतं. मग पुन्हा खडा. काकांच्या रागाचा पारा चढत होता, गुडघा ठणकत होता, आणि ठणक्याचा रागही काकूंवरच निघत होता.

“तुझ्यामुळे माझा सगळा वेळ फुकट चाललाय. हे थांबणं वजा कर, सांगून ठेवतो!”

“करते हो, वजा करते,” काकू म्हणाल्या.

झऱ्याजवळ पोचली आणि खाली लाकडाच्या गिरणीचा अकराचा भोंगा वाजला. काका जागच्या जागी उभे राहिले. तरुणपणी नऊला निघाले की हा भोंगा वाजायचा तेव्हा ते माथ्यावर पावाचा पुडा सोडून बसलेले असायचे. झऱ्याच्या वर अजून खडकाचा सगळा चढ बाकी होता.

“भोंगा बिघडलाय,” ते म्हणाले. “हल्ली कुठलंही यंत्र वेळेवर चालत नाही.”



शेवटचा चढ काका दर वीस पावलांवर थांबून चढले. माथ्यावरच्या दगडावर बसले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. काकूंनी घड्याळाची कळ दाबली, घड्याळाकडे बघितलं आणि ते पदराआड धरून म्हणाल्या, “एक तास पन्नास. पाच मिनिटं इकडे तिकडे. पावणेदोनच धरा.”

काकांना आधी हसू फुटलं. मग त्यांची नजर काकूंच्या पायांकडे गेली. घोट्याच्या वर घट्ट बांधलेले जाड बूट, वर गुंडाळलेली पट्टी. त्यात खडा शिरायला वाटच नव्हती. काकूंना धाप लागलेली नव्हती. कपाळावर घामसुद्धा नव्हता.

“दे ते इकडे.”

“राहू द्या हो.”

“दे म्हणतो ना!”

घड्याळात दोन तास पन्नास मिनिटं होती.

“तासभर खडे काढत होतीस तू?” काका म्हणाले. आवाज चढवायला गेले आणि तो चढेना. “माझ्यासाठी थांबत होतीस.”

“तुम्हीच म्हणालात, वजा कर. म्हटलं, आयुष्यभर जपलेला आकडा आहे. माझ्या थांबण्याने राहत असेल तर राहू दे.”

“अगं, राहू दे काय!” आता आवाज फुटला. “तुझं खोटं ऐकायला मी इथे एकटा आहे, मला काय होणार? मी हेच खोटं पाटीवर लिहून ठेवलं, त्या बाईंनी वाचलं आणि त्या खडकाखाली बसल्या! आणि मी त्यांच्या नवऱ्याला लिहिलं, घड्याळ दुरुस्त करून घ्या!”

काकूंनी पावाचा पुडा सोडला. काकांनी घेतला नाही. खूप वेळ ते खालच्या नदीकडे, रानाकडे आणि उन्हात मध्येच चमकणाऱ्या एखाद्या पिवळ्या पाटीकडे बघत बसले. सगळीकडे सव्विसाव्या वर्षीचे पाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाटी खरवडली. ब्रश मुद्दाम जोरात घासत होते, जणू काही पाटीनेच आगळीक केली होती. ‘१’ चा साचा बाजूला टाकला, ‘२’ चा शोधायला अर्धी शेड उलथीपालथी केली आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या शिव्या साच्यांना घातल्या. माथा, २ तास ५० मिनिटं. मग बसथांब्यावर जाऊन वहीतली आपली ओळ खोडली. त्याखाली काय लिहावं ते सुचेना, पेन दोनदा झटकलं. शेवटी लिहिलं, ‘पाटीची चूक होती. पाटी माझी आहे. आजींची तब्येत कळवा.’

घरी आले ते कुरकुरतच.

“अजून बेचाळीस पाट्या आहेत. उद्या धबधब्याची वाट. तू चल, पण खडा नको, फूल नको. अजिबात थांबायचं नाही.”

“मी थांबले नाही तर तुम्ही मागे पडाल हो.”

“पडू दे,” काका खेकसले. “मागे पडलो तरच खरं काय ते लिहिता येईल.”