दोन नंबरचा कान

वीजकेंद्रातला दोन नंबरचा बॉयलर आणि तो एकाच वर्षी कामाला लागले. आता दोघांनाही गळती लागली आहे आणि दोघांचेही सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, असं तो स्वतःच सांगत फिरे. फरक इतकाच की बॉयलरची दरवर्षी कसून तपासणी व्हायची. याला तपासायला कुणी धजत नसे.

कारण त्याचा कान. बॉयलरच्या पोलादी भिंतीआड शेकडो नळ्यांतून पाणी उकळत असतं. एखादी फुटली की बारीक फुसफुस सुरू होते आणि मीटरच्या आधी ती त्याला कळे. लोखंडी सळईचं एक टोक भिंतीला, दुसरं कानाला, डोळे मिटलेले. लोक त्याला कानसेन म्हणत. त्याला ते इतकं आवडे की पाहुणे आले, की कारण नसतानाही तो सळई लावून उभा राही.

केंद्र कायमचं बंद व्हायचं होतं, शेवटचे महिने मोजत होतं. दिवसा शहराला उन्हाची वीज पुरे. बॉयलर मंद आचेवर पडून असे. ऊन उतरलं, घरोघर दिवे लागले, की वरून, शहराची वीज वाटणाऱ्या कक्षातून, फोन येई, "दोन नंबर वाढवा." मग तीन-चार तास हा म्हातारा धापा टाकत शहर ओढी. कानसेनाची एकच इच्छा उरली होती. शेवटच्या दिवशी आग विझवायची ती आपल्या हातानं.

आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यानं घोळ घातला. सळई न लावताच त्याला फुसफुस ऐकू आली. "नळी गेली!" त्याच्या शब्दावर बॉयलर बंद झाला, अर्धं शहर संध्याकाळभर अंधारात बसलं. दोन दिवसांनी फिटर आत शिरले आणि काळेकुट्ट होऊन बाहेर आले.

"काका, नळ्या आपल्यापेक्षा ठणठणीत आहेत."

घरी तो जेवायला बसला, तर फुसफुस ताटापाशीही हजर.

"गॅस चालू राहिलाय का गं?"

"कधीच बंद केलाय," बायको म्हणाली. "का हो?"

"काही नाही."

मोरीत जाऊन त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली. आवाज तसाच, उलट वाढला. अर्ध्या शहराचा अंधार त्याच्या डोक्यातून आला होता. हे कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी सामान वाटायला स्टोअरमध्ये बदली झाली असती. म्हणून त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. वर तोंड करून फिटरांनाच सुनावलं, "तुम्हाला नीट बघता येत नाही!"

केंद्र बंद व्हायला तीन आठवडे उरले असताना शिफ्टची इंजिनिअर त्याच्याकडे आली. ती त्याच्या मुलीच्या वयाची.

"काका, बॉयलर नेहमीपेक्षा थोडं जास्त पाणी पितोय. गळती असेल, नाहीतर मीटर बिघडला असेल. दोन तासांत लोड वाढवायचाय. तुम्ही ऐका. तुम्ही म्हणाल ते."

त्यानं सळई लावली. फुसफुस होती. सळई काढली. होती. कानांत बोटं घातली. होतीच. गळती नाही म्हणावं, तर फुटलेली एक नळी शेजारच्या दहा फाडील आणि भर संध्याकाळी सगळंच बसेल. आहे म्हणावं, तर पुन्हा तीच शोभा.

"काका, कानात बोटं का घातलीत?"

"मॅडम, माझा कान गप्पच बसत नाही. मागच्या वेळी गळती इथं होती." त्यानं कानशिलावर बोट ठेवलं.

ती हसली नाही. ते त्याला जास्त लागलं.

"मग काय करू?"

"पाण्यावर विश्वास ठेवा. पाणी कुठंतरी जातंय. वर आत्ताच कळवा, ते दुसरीकडून सोय करतील. मग बॉयलर सावकाश उतरवा."

त्या संध्याकाळी शहरात एकही दिवा मिणमिणला नाही. आत एक नळी खरंच चिरलेली निघाली. ती दुरुस्त झाली, आणि तो स्टोअरमध्ये गेला.

"कानसेन, हातमोजे द्या," फिटर म्हणत. मग नुसतेच ओठ हलवून गंमत बघत. तो मुद्दाम झाडू आणून देई.

शेवटच्या दिवशी तिनं त्याला बोलावून घेतलं. नियमानं आता त्याला पॅनेलच्या बटणांना हात लावता येणार नव्हता. म्हणून तो आपला सळई घेऊन भिंतीशी उभा राहिला. आग तिनं विझवली. पंखे थांबले. आयुष्यभराची घरघर ओसरत गेली, आणि एरवी थट्टा करणारे फिटरही टोप्या हातात घेऊन उभे राहिले.

"काका, संपलं ना?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं डोळे मिटून बराच वेळ मन लावून ऐकलं.

"तुमचं संपलं, मॅडम," तो म्हणाला. "माझं चालू आहे."