कापूस निघाल्यावरची खोली

कुणाच्या घरी गेले की माझं बोट आपोआप दाराच्या चौकटीच्या माथ्यावरून फिरतं. सासरी उमरखेडला या खोडीची पुरेशी थट्टा होते. होऊ दे. डोळ्यांसमोरचं कुणीही पुसतं. पंख्याच्या पात्याची वरची बाजू, फ्रिजच्या दाराचं रबर, देवांच्या फोटोंमागची पालीची अंडी, हे पाहिल्याशिवाय कुणाच्या घराबद्दल मी मत देत नाही. खोड आईची, माझ्याकडे आयती आली.

आई गेली त्या पावसाळ्यानंतर बाबा बोरी अरबजवळच्या आमच्या गावी एकटेच राहत होते. होळीनंतर भेटायला गेले, तर खाजवून खाजवून त्यांच्या मानेवर, हातांवर जखमा झालेल्या. साठवलेल्या कापसात बारीक किडा होतो आणि ऊन तापलं की घरादाराला खाज सुटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून आमचा कापूस कायम मागच्या कोठ्यात, घरापासून वेगळा. या वर्षी बाबांनी तो घरात भरला होता. आईच्या खोलीत, पार वरपर्यंत, दार उघडलं तर अंगावर यावा इतका. आणि स्वतः त्याच दाराबाहेर बाज टाकून झोपत होते.

“इथं काहून भरला, बाबा?”

“कोठ्याचे टिन गळते.”

मी कोठ्यात जाऊन वर पाहिलं. एक भोक दिसेल तर शपथ.

“मंग विकला काहून नाही?”

“भाव वाढून राह्यला.”

भाव काही वाढत नव्हता. गावातला बाकी सगळा कापूस कधीच गेला होता. डॉक्टरांनीही साफ सांगितलं होतं, कापूस घरात आहे तोवर मलम चोपडून उपयोग नाही. बाबांची झोप उडाली होती, सदरा अंगावर लोंबत होता. असंच चाललं तर हा माणूस हातचा जाईल, या भीतीनं माझा आवाज चढला.

“एक तं कापूस जाईन, नाही तं तुमी माह्यासंगं उमरखेडले चला.”

लेकीच्या घरी जाऊन राहायचं म्हटल्यावर त्यांनी मुकाट्यानं व्यापाऱ्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी गाडी भरून गेली. बाबा ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसले, आणि मी ओढणी कमरेला बांधून खोलीत शिरले. कापसाचे तंतू मोठे चिवट. ओलं फडकं लावलं की त्यांचा लगदा होतो, म्हणून आधी कोरडा झाडू, वरून खाली. पंख्याच्या पात्यावर जुनी उशीची खोळ चढवून ओढली, धूळ खोळीतच राहिली. मेन स्विच बंद करून बोर्डाच्या फटी रंगाच्या ब्रशनं काढल्या. बिजागऱ्या, कडीची मागची बाजू, खिडकीच्या खाचा, सगळीकडे तो पांढरा पसारा. तोंडानं माझी बडबड चालू होतीच, कोठा मोकळा ठेवून घरात कापूस भरणाऱ्यांचा उद्धार करत.

मग भिंतीवर एका जागी झाडू अडला. भाकरीएवढा गोल, त्यावर कापसाची लव चिकटून बसलेली. बाकी भिंतीवरचं सगळं एका झटक्यात निघालं होतं, हे निघेना. ओल धरली असेल म्हणून मी सोड्याच्या पाण्यात फडकं बुडवलं.

“ते राहू दे.” बाबा दारात उभे होते.

“बाबा, किडा अशाच जागी लपून राह्यते.”

“राहू दे म्हनलं नं!”

आता मात्र मी चिडले. सकाळपासून कंबर मोडून कुणासाठी करत होते मी? पण ते आत आले, माझ्या हातातलं फडकं बाजूला सारलं आणि बोटांच्या चिमटीनं एकेक तंतू सोडवू लागले. खालून डाग दिसायला लागला. खोबरेल तेलाचा. दुपारी आई इथेच बाजेवर बसून तुरीची डाळ निवडायची आणि मधूनमधून डोकं मागे भिंतीला टेकवायची.

“संध्याकाळी लाईट लावाले आलो का आधी हेच दिसे,” बाबा म्हणाले. “पुसाले हात होये ना. म्हनून खोलीच भरून टाकली.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी फडकं तोंडाशी धरून रडले, सोड्याच्या पाण्यासकट. बाबा तंतू सोडवत राहिले. डाग उघडा झाल्यावर ते बाहेर निघून गेले. मी डोळे पुसले आणि उरलेली फरशी पुसून काढली. दुसरं काय करणार होते?

फरशी वाळते न वाळते तोच ते बाज ओढत आत आले. मी खिडकीखाली जागा दाखवली, तिथे वारा लागतो. त्यांनी मान हलवली आणि बाज त्या भिंतीला लावली. वर बसले. बाबा आईपेक्षा उंच. डोकं डागाच्या वर जात होतं. ते थोडे खाली सरकले, मग आणखी थोडे, डोकं नेमकं तिथे टेकेपर्यंत.

“चहा ठेव वं जरा,” ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.