खोटी पावलं

"पेरिफेरल आर्टरी डिसीज," डॉक्टर म्हणाले. पायाला रक्त नेणाऱ्या नळ्या आतून अरुंद होतात, म्हणून चाललं की पोटऱ्या दुखतात. धाराशिवच्या दवाखान्यात हे ऐकलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. बायको जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून कशाचंच काही वाटत नव्हतं.

मी येरमाळ्याचा, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बिडी बंद केली. म्हणाले, "काका, चालणं हेच औषध. दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला. नाही चाललात तर पुढं पाय गमवायची वेळ येईल."

पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीनं, सुनीतानं, पावलं मोजणारं घड्याळ मनगटाला बांधलं. आकडा तिच्या फोनवर दिसायचा. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. पोटरीत गोळा आला, माघारी फिरलो. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसूनच हात हलवत राहिलो. घड्याळानं तीही पावलं धरली. सुनीताचा मेसेज आला, "शाब्बास बाबा." मग रोज तेच. लाजही वाटली नाही.

तीन महिन्यांनी तपासणीला सुनीता सोबत आली. सिक्स मिनिट वॉक टेस्ट होती, म्हणजे सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं ते बघायचं. व्हरांड्यात मी तीनदा थांबलो. अंतर पहिल्या तपासणीपेक्षा कमीच भरलं. डॉक्टरांनी फोनमधले आकडे बघितले, मग माझ्याकडं.

"काका, ही पावलं कुणाची?"

मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. सुनीता बाहेर बाकावर जाऊन बसली. मी शेजारी बसलो. ती म्हणाली, "तुमचा आकडा बघूनच मी रोज कामाला निघायचे. वाटायचं, बाबा सावरले."

"उद्यापासून खरा दिसंल," मी म्हणालो. "लई बारका असंल."

"असू द्या."

आता सकाळी ती फोन लावते. तिकडं ती चालते, इकडं मी. पोटरी दुखली की म्हणतो, "थांबलो." मग तीही थांबते. जरा वेळानं दोघं परत निघतो.

तुमच्याही लेकरांनी असं घड्याळ दिलं असेल, तर एवढंच सांगतो, आकडा बारका असला तरी खरा जाऊ द्या. तो बघणारं माणूस तिकडं एकटंच असतं.

मागच्या तपासणीत मी एकदाच थांबलो. आनंद झाला असं म्हणणार नाही. पण बाहेर आल्यावर भूक लागली. हॉटेलात बसल्यावर सोबत आलेल्या सुनीताला म्हणालो, "अजून एक भाकरी सांग."