कोपराचं कुणाला सांगू नका

आमच्या क्लिनिकमध्ये दुखण्यांपेक्षा किस्से जास्त साठतात. दुखणं बरं झालं की पेशंट जातो, किस्सा इथेच ठेवून जातो! साकोलीत हायवेला लागून, मेडिकल स्टोअरच्या वर आमच्या फिजिओथेरपीच्या दोन खोल्या. लांजेवार सर मोठे, मी त्यांची ज्युनिअर. हे सगळे किस्से टेनिस एल्बोचे. टेनिस खेळणारा यात एकही नाही, हे आधीच सांगून टाकते.

*

माझे पहिलेच पेशंट, वेल्डिंगचं दुकान असलेले एक काका. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो. मनगट वर उचलणारे स्नायू तिथेच चिकटलेले असतात, आणि हे दुखणंही तिथलंच. मी भीतभीत बोट दाबलं. काका ओरडले. मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले!

आतून सरांचा शांत आवाज आला, "दोघांतला पेशंट कोण?"

*

राईस मिलवर पोती उचलणारा राजू. कुठून तरी इंजेक्शन घेतलं, दुखणं गायब, लगेच पोती सुरू. काही आठवड्यांनी परत आला तेव्हा चहाचा कपसुद्धा उजव्या हातात धरवत नव्हता.

सर रागावले. तर म्हणतो, "दुखणं झोपलं होतं सर, मले वाटलं मेलं!"

मी हसले. सर हसले नाहीत. "त्या हाताला हळूहळू ताकद द्यावी लागते राजू. महिने जातात."

"अन् तवरिक पोती कोन उचलन?"

सरांनी स्वतः उठून पोतं कसं उचलायचं ते त्याला दाखवलं : पालथ्या हातानं नाही, तळवा वर करून, अंगाशी धरून.

*

एक बॅडमिंटन खेळणारे गुरुजी. "आराम द्या" म्हटलं, तर यांनी भाजीची थैलीसुद्धा उचलायची सोडली! हात कमजोर झाला तो झालाच. बरोबर आलेल्या त्यांच्या पत्नीनं स्वतःचं कोपर माझ्यापुढे केलं.

"आराम यायनं केला मॅडम, दुखणं इकडं आलं!"

*

सुमनबाई आल्या त्या पदराखाली हात लपवून. नागझिऱ्याकडच्या एका गावात त्या रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, बायांची टोळी चालवतात. रोवणीआधी परे उपटायचे, म्हणजे धानाची रोपं दिवसभर मुठीनं चिखलातून ओढून काढायची. त्यात सुमनबाई सगळ्यांच्या पुढे. आणि आता त्यांना पाण्याचा गडवा उचलवत नव्हता.

"कोपराचं कुनाले सांगू नका मॅडम. हात गेला म्हनलं त मले पुढं कोन उभी करन? बायाईले सांगतलं, बुढ्याच्या गुडघ्याची दवाई आनाले जाते म्हनून."

बुढा म्हणजे त्यांचा नवरा. मी मान हलवली. मला दुसऱ्यांच्या गुपितांचीही धडकी भरते!

*

त्यांना व्यायाम दिला. कापडी थैलीत मूठभर धान, हात टेबलावर पालथा, मनगट कडेबाहेर, थैली डाव्या हाताच्या आधारानं वर आणि उजव्यानं अगदी सावकाश खाली. दुखणं झेपेल तसं धान वाढवायचं. मध्येच एकदा त्या थैली अगदी हलकी घेऊन आल्या.

"काय झालं?"

"कोंबडीनं व्यायाम खाल्ला!"

पण रोवणी जवळ येत होती. मी म्हटलं, "यंदा परे उपटू नका, नुसती रोवणी करा." त्या हसायच्या थांबल्या. "मंग बाया विचारतीन ना, काहून म्हनून."

*

एका दुपारी जिन्यावर एवढा गलका झाला की मी पडद्यामागे गेले. वर आली ती अख्खी टोळी! सगळ्यांच्या मागे, खाली मान घालून, सुमनबाई.

पुढची कमलाबाई म्हणाली, "काय वं मॅडम, सुमनच्या बुढ्याचा गुडघा तुमीच पाह्यता का?"

मी पडद्याबाहेर डोकं काढून सुमनबाईंकडे बघितलं.

"नका सांगू. काल हळदीत बुढा डीजेपुढं नाचून राहिला होता! मंग सुमनलेच धरलं."

मागून सुमनबाई हळूच म्हणाल्या, "घ्या, ठेवा आता दुसरीले पुढं."

कमलाबाईनं वळूनही पाहिलं नाही. मलाच विचारलं, "तिनं परे नाई उपटले, नुसती पुढं रोवत राह्यली, त चालन?"

"चालेल. पण त्यांच्या वाट्याचे परे..."

"ते आमी उपटू."

मला काय वाटलं कोण जाणे. मी चाचरत विचारलं, "तुमच्यात अजून कुणाचं कोपर दुखतं का? असेल तर हात वर करा."

सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग कमलाबाईनं हात वर केला. मग तिच्या शेजारणीनं. मग सगळ्यांनीच.

एकूण एक हात डावा.