बॉनेटवरचं राज्य

आखातात मी ज्यांची गाडी चालवायचो ते जनाबियातले जर्मन साहेब मागच्या वर्षी कायमचे मायदेशी गेले. गाडीच्या बॉनेटवर धूळ बसली की मला अजून त्यांचं राज्य आठवतं. रोज अस्करच्या कारखान्यात नेता-आणताना ते मला त्यांच्या गावच्या जुन्या राजांचा इतिहास सांगायचे. आधी कंटाळा यायचा, मग ऐकल्याशिवाय चैन पडेना.

राज्य म्हणजे तरी केवढं, शेळी चरत निघाली तर दुपारी परमुलखात. पण राजांचा तोरा विचारू नका. रीत अशी, की बाप गेला की मुलगे राज्य वाटून घेत. एकदा साहेबांनी धुळीने भरलेल्या बॉनेटवर बोटाने त्याचा नकाशा काढला. पिढीगणिक एकेक रेघ ओढत गेले. शेवटी बोट टेकवायला जागा उरली नाही.

"तरी चर्च सगळ्यांचं एकच होतं," साहेब म्हणाले. "सणाला भाऊ तिथे जमायचे. पुढे पहिला मान कुणाचा यावरून भांडले आणि प्रत्येकाने आपापलं बांधलं. मग शेजारचा मोठा राजा चालून आला. कुणी कुणासाठी धावलं नाही. खलास."

मला हसू आलं नाही. त्याच आठवड्यात रत्नागिरीहून धाकट्या भावाचा फोन आला होता. घराची वाटणी करू म्हणाला, आणि यंदापासून गणपतीही वेगळे. मीही तिरसटासारखा बोललो होतो, "कर. ज्याचं त्याला." आमच्याकडे चुली कितीही झाल्या तरी गणपती एकच, थोरल्या घरात. आजोबांच्याही आधीची ही रीत मी एका फोनवर मोडून टाकली होती. माझी मलाच लाज वाटली.

साहेबांना सोडलं आणि पार्किंगमधूनच फोन लावला. "जमीन वाट, खोल्या वाट, पडवी हवी तर तूच घे. गणपती मात्र एकच राहू दे."

भाऊ म्हणाला, "दादा, सात वर्सं मखर मी एकटाच बांधतोय. तू येनार हायस काय?"

"इंशाल्ला," सवयीने तोंडातून गेलं.

"इंशाल्ला नको. तिकिटाची तारीख सांग."

संध्याकाळी परतताना मी साहेबांकडे सुट्टी मागितली. किती दिवस, त्यांनी विचारलं. विसर्जनापर्यंत, म्हटलं. ते हो म्हणाले.

त्या वर्षी मखराची दुसरी बाजू मी धरली.